घरच्या पडद्यावरील सामुराई

रात्रीचे नऊ वाजले आहेत. नांदेडच्या वजिराबादेंतलें किंवा लातूरच्या गंजगोलाईजवळचें एखादें सुशिक्षित घर डोळ्यांपुढें आणावें. जेवणें आटोपलीं आहेत. दिवाणखान्यांतला मोठा दिवा मालवलेला आहे. पंच्याऐंशी ओलांडलेले आजोबा आरामखुर्चींत, आजी सतरंजीवर, मुलगा व सून त्यांच्या बाजूला आणि कॉलेजांत शिकणारी नात यंत्राजवळ, अशी सारी मंडळी स्थिरस्थावर झाली आहे. नातीनें एक तबकडी यंत्रांत सरकविली, आणि थोड्याच वेळांत पडद्यावर, उजाडत्या आभाळाच्या कडेनें, घोडेस्वारांची एक टोळी दौडत येतांना दिसूं लागली. टेकडीवर येऊन ती थांबते. खालीं एक लहानसें गांव आहे. एकजण म्हणतो, आतांच लुटावें. म्होरक्या म्हणतो, नको, गेल्या हंगामांत तेथला तांदूळ नेला आहे, जव पिकला म्हणजे पुन्हां येऊं. टोळी निघून जाते. झुडपाआड पाठीवर मोळी घेऊन दडलेला एक शेतकरी हें सर्व ऐकतो आणि धडपडत गांवाकडे धांवतो.

अकिरा कुरोसावा या जपानी दिग्दर्शकाच्या ‘सात सामुराई’ या चित्रपटाचा हा आरंभ होय. हा चित्रपट १९५४ सालीं जपानांत प्रदर्शित झाला. पुढले साडेतीन तास हें घर काय पाहणार आहे, आणि तें घरीं बसून पाहण्यांत लाभ कोणता व हानि कोणती, हा या भाषणाचा विषय आहे.

सामुराई म्हणजे कोण, हें प्रथम सांगितलें पाहिजे. जपानांत सरंजामी सरदारांच्या पदरीं शेंकडों वर्षें जो शस्त्रधारी वर्ग होता, तो सामुराई. धन्याची चाकरी हा त्याचा धर्म. धनी मेला, पदच्युत झाला किंवा त्यानें घालवून दिलें, म्हणजे तोच सामुराई ‘रोनिन’ होई. हातांत विद्या आणि पोटांत भूक घेऊन वाटा तुडविणारा बेवारस शिपाई होई. १८६८ सालीं जपानांत राज्यक्रांति होऊन नवें सरकार आलें, १८७६ सालीं सामान्यतः तरवार बाळगण्यास बंदी झाली, आणि हा वर्ग इतिहासजमा झाला. कथांत, नाटकांत आणि पुढें चित्रपटांत मात्र तो जिवंत राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान अमेरिकन लष्कराच्या ताब्यांत असतांना तरवारबाजीच्या चित्रपटांवर निर्बंध होते. १९५२ सालीं तो ताबा संपला, आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत कुरोसावा, मासाकी कोबायाशी इत्यादि दिग्दर्शकांनीं या प्रकारांतले उत्तमोत्तम चित्रपट निर्माण केले. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, हे चित्रपट एका पराभूत देशानें काढलेले आहेत. शौर्याचा गाजावाजा ऐकतां ऐकतां ज्यांचीं शहरें जळून गेलीं, त्यांनीं आपल्या पूर्वजांच्या तरवारीकडे पुन्हां एकदां निरखून पाहिलें. त्यांत अभिमान आहे, तशीच शंकाहि आहे.

भारतांतील रसिकांची या चित्रसृष्टीशीं ओळख ‘राशोमोन’ या चित्रपटानें झाली. कुरोसावानें तो १९५० सालीं काढला व १९५१ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्यास सर्वोच्च पारितोषिक मिळालें. त्यानंतर लवकरच तो कलकत्त्यास आला, तेव्हां सत्यजित राय यांनीं तो लागोपाठ तीन दिवस पाहिला, ही हकिकत त्यांनींच नमूद करून ठेविली आहे. पुढें १९६४ सालीं पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें. १९६८ सालीं मुंबईंत प्रभात चित्र मंडळ सुरू झालें. ठिकठिकाणच्या चित्रपट-मंडळांतून परदेशी चित्रपट दाखविले जाऊं लागले. परंतु हें सारें भाग्य मुख्यतः मोठ्या शहरांचें. मराठवाड्यांतल्या जिल्ह्याच्या गांवीं थिएटरांत हिंदी-मराठी बोलपट येत, फार तर मारधाडीचे इंग्रजी बोलपट येत. जपानी बोलपटाची पेटी तेथें कोण उतरविणार? ज्याला त्याची ओढ असे, त्यानें पुण्याची किंवा मुंबईची वाट धरावी.

ही अडचण दूर केली तीहि जपाननेंच. १९७५ सालीं सोनी कंपनीनें ‘बीटामॅक्स’ व १९७६ सालीं जेव्हीसी कंपनीनें ‘व्हीएचएस’ ही फीत बाजारांत आणली, आणि चित्रपट घरांत ठेवण्याजोगी वस्तु झाला. भारतांत १९८२ सालच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरदर्शन आलें व त्या दशकांत हीं यंत्रें गांवोगांव पसरलीं. भाड्यानें कॅसेटी देणारीं दुकानें निघालीं. त्यांच्या फळ्यांवर सामुराई क्वचितच असत. तथापि पुण्यामुंबईस शिकणारा कोणी मुलगा सुटींत येतांना एखादी नक्कल करून आणी, आणि तीच कॅसेट चार घरीं फिरे. १९९६ सालीं जपानांतच प्रथम डीव्हीडीची तबकडी विक्रीस आली. मागाहून ब्लू-रे आली. आणि आतां तर तारेवरूनहि चित्रपट घरीं उतरतो. २०१६ सालीं व्हीएचएसचें यंत्र बनविणारा शेवटचा जपानी कारखानाहि तें काम बंद करून मोकळा झाला.

त्या जुन्या कॅसेटींवर जें दिसे तें मूळ चित्रपटाची सावली म्हणावी इतकेंच. नकलेची नक्कल झाल्यामुळें चेहरे पुसट होत. खालचीं इंग्रजी अक्षरें पांढरीं, आणि मागें पांढरा सदरा किंवा उजळ आभाळ आलें कीं वाक्य गडप होई. शिवाय ‘सात सामुराई’ मूळ तीन तास सत्तावीस मिनिटांचा. परदेशीं बरींच वर्षें तो चाळीस-पन्नास मिनिटें कापूनच दाखविला गेला. या कापाकापींत लढाई शिल्लक राहते आणि जातो तो शेतकरी. कारण लढाईवांचून जीं दृश्यें आहेत तीं बहुतेक त्याच्या घरचीं, त्याच्या भीतीचीं व त्याच्या हिशेबाचीं आहेत. म्हणून घरीं चित्रपट आणणाऱ्यानें तबकडीच्या पाठीवरचे मिनिटांचे आंकडे आधीं वाचावे. दोनशें सात मिनिटें नसतील तर ती परत करावी.

दुसरी खबरदारी पडद्याच्या आकाराची. हा चित्रपट जवळजवळ चौकोनी आहे, आणि आजचें यंत्र आडवें रुंद. कांहीं घरीं मोकळी जागा दिसूं नये म्हणून चित्र दोन्हीं बाजूंस ताणण्याची कळ दाबून ठेवलेली असते. मग सडपातळ सामुराई लठ्ठ दिसूं लागतो आणि घोड्याचे पाय आंखूड होतात. दोन्हीं कडांना काळे पट्टे राहिले तर राहूं द्यावे. तिसरी गोष्ट आवाजाची. मूळ जपानी संवाद ठेवून अक्षरें वाचावींत. दुसऱ्या भाषेंत बोलविलेली प्रत घेऊं नये. तोशिरो मिफुनेचा घोगरा ओरडा आणि ताकाशी शिमुराचा शांत, खालच्या पट्टींतला स्वर हीं या चित्रपटाचीं दोन टोकें आहेत. तीं गेलीं तर अर्धा चित्रपट गेला.

पण अक्षरें इंग्रजी, आणि तीं झरझर जाणारीं. मराठी अक्षरांची प्रत सहसा मिळत नाहीं. येथें त्या घरांतल्या नातीचें काम सुरू होतें. ती वाचते आणि आजी-आजोबांना मराठींत सांगते. हें दुभाष्याचें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. तिला पहिल्याच घटकेस अडखळावें लागतें.

“आजोबा, रोनिनला मराठींत काय म्हणायचें?”

“शिलेदार म्हण, पोरी,” आजोबा सांगतात, “पण धनी नसलेला शिलेदार. स्वतःचें घोडें विकून खाल्लेला.”

घोडें घरचें तो शिलेदार आणि घोडें सरकारचें तो बारगीर, हा भेद मराठी माणसास ठाऊक आहे. म्हणून या एका शब्दानें त्या दिवाणखान्यांत जपान एकदम जवळ येतें. थिएटरांत असें मोठ्यानें सांगतां येत नाहीं; शेजारचा डोळे वटारतो. घरीं मात्र नात यंत्र थांबवूं शकते, शब्द शोधूं शकते, आणि तो मिळाला म्हणजे पुन्हां सुरू करूं शकते. घरच्या पडद्याचा पहिला लाभ हाच, कीं चित्रपट माणसांसाठीं थांबतो.

गोष्ट पुढें जाते. गांवांतला म्हातारा गिसाकु सल्ला देतो कीं, सामुराई ठेवा. पण आपल्याजवळ द्यायला भातापलीकडे कांहीं नाहीं, तेव्हां भुकेले सामुराई शोधा. चार शेतकरी शहरांत जातात. सामुराईंना ते पांढरा भात वाढतात आणि स्वतः एक हलकें तृणधान्य शिजवून खातात. नातीला तें इंग्रजी नांव ठाऊक नसतें; परंतु चित्र पाहून आजी म्हणते, “ही तर भगर.” आजीचें म्हणणें खरें आहे, तें धान्य आपल्या भगरीच्याच जातीचें. मराठवाड्यांत कालपरवांपर्यंत रोजचें जेवण ज्वारीच्या भाकरीचें; भात सणासुदीला किंवा पाहुण्यांसाठीं. ज्या घरानें पाहुण्याला भात वाढून स्वतः मागच्या दारीं भाकरी मोडली आहे, त्यास कांबेइच्या हातांतल्या त्या वाडग्याचें मोल समजावून सांगावें लागत नाहीं. हा भात आपण वायां घालवणार नाहीं, एवढेंच तो म्हणतो, आणि चाकरी पत्करतो.

पुढचा तासभर गांवाच्या संरक्षणाची तयारी चालते. नकाशा काढला जातो, वाटा अडविल्या जातात, कुंपण घातलें जातें. पुलापलीकडचीं तीन घरें सोडून द्यावीं लागतात, आणि त्या घरांचे धनी भाले टाकून निघूं लागतात, तेव्हां कांबेइ तरवार उपसून त्यांना परत रांगेंत आणतो: सर्वांना राखूनच प्रत्येकजण राखला जाईल, हा त्याचा कायदा. जव कापून झाल्यावर त्या खाचरांत पाणी सोडतात, म्हणजे त्या बाजूनें घोडीं येऊं नयेत. लातूरच्या प्रेक्षकांच्या मनांत येथें एक निराळी कळ उठते. जेथें २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें, तेथें पाण्याचाच तट करणारें गांव पाहून एक उसासा बाहेर पडणारच. आपल्याकडचा तट मातीचा. मराठवाड्यांतल्या कितीतरी गांवांत पांढऱ्या मातीची उंच गढी अजून उभी आहे. भोंवतीं माळवदाचीं घरें आणि मधोमध ती. पूर्वीं दंगा उठला म्हणजे बायका-मुलें व धान्य गढींत जाई. कुरोसावाच्या गांवाला अशी गढी नाहीं, ना देशमुख, ना पाटील. तेथें शेतकऱ्यांनाच लढावें लागतें, आणि म्हणूनच त्यांना भाला धरावयास शिकविणें हा चित्रपटाचा केवढा तरी भाग होऊन बसतो.

चित्रपटाचा मध्य येथून जवळ आहे. किकुचियो नांवाचा सातवा सामुराई, जो खरोखर सामुराई नाहीं, शेतकऱ्यांनीं लपविलेलीं चिलखतें शोधून आणतो. तीं पळून जाणाऱ्या पराभूत सामुराईंना मारून मिळविलेलीं आहेत. बाकीचे सहाजण सुन्न होतात. एकाला वाटतें, सारें गांव कापून काढावें. तेव्हां किकुचियो त्यांच्यावर उसळतो. शेतकरी लबाड आहेत, भित्रे आहेत, नाहीं म्हणतात पण त्यांच्या जमिनीखालीं धान्य असतें, हें सर्व तो ओरडून कबूल करतो. आणि मग विचारतो कीं, त्यांना असें कोणीं केलें? गांवें जाळणारे, धान्य नेणारे, बायका ओढून नेणारे तुम्हींच. बोलतां बोलतां त्याच्या डोळ्यांत पाणी येतें, आणि कांबेइला कळतें कीं हाहि शेतकऱ्याचा पोर आहे.

नात येथें यंत्र थांबविते, कारण आजोबांनीं हात वर केलेला असतो. “जमिनीखालचें धान्य” हे शब्द त्यांना कोठें तरी घेऊन गेले आहेत. “आमच्या वाड्यांत पेव होतें,” ते म्हणतात. त्या घरांत यापूर्वीं तें कोणीं ऐकलेलें नसतें.

हैदराबाद संस्थानांत १९४७-४८ सालीं जे घडलें, तें मराठवाड्यांतल्या जुन्या पिढीच्या काळजांत आहे, पण ओठांवर क्वचितच येतें. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी हा लातूरचा वकील. त्याच्या संघटनेच्या टोळ्या खेड्यांवर येत, लूट होई, घरें जळत. लोक माळवदावर रात्रभर पहारा करीत, धान्य पेवांत दडवीत, बायका-मुलांना सरहद्दीपलीकडे नातलगांकडे धाडीत. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालीं स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता व सरहद्दीवर तिचीं शिबिरें होतीं. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें आणि १७ सप्टेंबरला निजामानें शरणागति पत्करली. हा इतिहास शाळेंत शिकविला जातो, आणि दर वर्षीं त्या दिवशीं झेंडा उभारला जातो.

परंतु चित्रपट येथेंच थांबत नाहीं, आणि आजोबाहि थांबत नाहींत. पकडून आणलेल्या एका लुटारूला सामुराई वाचवूं पाहतात. तो शरण आलेला कैदी आहे. इतक्यांत जिचा मुलगा लुटारूंनीं मारला अशी एक वांकलेली म्हातारी हातांत कुदळ घेऊन, थरथरत, पुढें येते. गिसाकु म्हणतो, तिला करूं द्या. सामुराई मान वळवितात. कुरोसावा पुढचें दाखवीत नाहीं. प्रेक्षकाला मात्र तें पाहिल्यासारखें होतें. सप्टेंबर १९४८ नंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यांत कुदळी उलट्या फिरल्या. ज्यांचा रझाकारांशीं कांहीं संबंध नव्हता अशीं कितीतरी गरीब मुसलमान कुटुंबें त्यांत सांपडलीं. केंद्र सरकारनें पंडित सुंदरलाल यांच्या प्रमुखत्वाखालीं एक मंडळ पाठविलें. त्यानें सर्वांत अधिक हानि झालेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, बीदर व नांदेड हीं नांवें दिलीं. आजच्या लातूर जिल्ह्याचा प्रदेश तेव्हां उस्मानाबाद व बीदर यांतच वांटलेला होता. तो अहवाल अनेक दशकें प्रसिद्ध झाला नाहीं. घरोघरच्या गोष्टींतूनहि तो भाग गळला. जुलूम सोसलेल्याच्या हातूनहि जुलूम होतो, आणि तो होतांना भला माणूस मान वळवितो, ही गोष्ट कोणाहि गांवाला स्वतःविषयीं सांगणें कठीण. परक्या देशाच्या, चारशें वर्षांपूर्वींच्या गांवाविषयीं पडद्यावर ती दिसली, म्हणजे मग आठ-नऊ वर्षांच्या वयांत पाहिलेलें कांहीं तरी आजोबांना आपल्या नातीजवळ बोलतां येतें.

आजीला दुसरेंच दृश्य झोंबलेलें असतें. मांझो नांवाचा शेतकरी, सामुराई गांवांत येणार म्हणून, आपल्या तरुण मुलीचे लांब केंस बळेंच कापून तिला मुलाचा वेष देतो. लुटारूंचें भय निराळें आणि रक्षणकर्त्यांचें भय निराळें. बापाला दोन्हीं भयें आहेत. “दंगा कुणाचाहि असो,” आजी म्हणते, “आधीं पोरी लपवायच्या.” त्यावर कोणी भाष्य करीत नाहीं. नात पुन्हां यंत्र सुरू करते.

नांदेडच्या प्रेक्षकाला तरवार ही केवळ वस्तुसंग्रहालयांतली वस्तु नाहीं. १७०८ सालीं गुरु गोविंदसिंहांनीं गोदावरीच्या तीरीं याच भूमींत देह ठेविला. तेथल्या तख्त सचखंड हुजूर साहिबांत शस्त्रांना नित्य मान आहे, आणि होला-मोहल्ल्याच्या मिरवणुकींत तीं आजहि बाहेर निघतात. घरोघर खंडेनवमीस शस्त्रांवर कुंकू वाहिलें जातें. अशा गांवांतल्या मुलाला सामुराईची तरवारीवरची श्रद्धा चटकन् उमगते. म्हणूनच त्यानें एका गोष्टीकडे लक्ष द्यावें. सातांपैकीं चार सामुराई या लढाईंत पडतात, आणि चौघेहि बंदुकीच्या गोळीनें पडतात. तरवारीच्या वारानें त्यांतला एकहि मरत नाहीं. क्युझो हा त्यांतला सर्वश्रेष्ठ पट्टेबाज. त्याच्या विद्येला तोड नाहीं. त्यालाहि झोंपडींत दडलेल्या लुटारूची एक गोळी पुरते. पोर्तुगीजांनीं १५४३ सालीं जपानांत बंदूक नेली, आणि ही कथा १५८६ च्या सुमाराची. आपल्याकडे १७६० सालीं उदगीरला सदाशिवरावभाऊंनीं निजामास नमविलें, तेव्हांहि इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याचा त्यांत मोठा वाटा होता. उदगीरचा किल्ला लातूर जिल्ह्यांत आहे. मुलांना तो दाखवितांना हा चित्रपट आठवावा.

शेवटची लढाई धो धो पावसांत होते. तिचें चित्रण ऐन थंडींत झालें. कुरोसावानें एकाच वेळीं अनेक कॅमेरे लावून तें केलें, म्हणून चिखल, घोडे आणि माणसें यांची ती गर्दी पाहतांना आपण बाहेर उभे आहों असें वाटत नाहीं. साऱ्या चित्रपटाच्या चित्रणास वर्षभर लागलें. मध्यें खर्च हाताबाहेर गेल्यानें कंपनीनें काम थांबविलें होतें. हिशेबाच्या वहींत तो उधळेपणा दिसला असेल. पडद्यावर त्याचा एकेक पैसा कामीं आला आहे.

आतां हानीची बाजू. घरचा पडदा लहान, आणि घर मोठें गोंगाटाचें. दाराची घंटा वाजते, फोन येतो, कोणी चहा मागतो. थांबविण्याची जी सोय वर वाखाणली, तिचाच दुरुपयोगहि सहज होतो; दहा दहा मिनिटांचे तुकडे करून आठवडाभर पाहिलेला चित्रपट हा चित्रपट राहत नाहीं. त्याहून वाईट संवय म्हणजे संथ दृश्यें पुढें पळविण्याची. ज्यांना केवळ लढाया हव्या आहेत त्यांच्यासाठीं अमेरिकेनें १९६० सालीं याच कथेवर घोडेस्वारांचा एक चित्रपट काढला आहे, आणि खेड्यानें लुटारूंविरुद्ध लढवय्ये आणण्याची हीच कल्पना १९७५ च्या ‘शोले’ मध्यें सर्वांनीं पाहिली आहे. ‘सात सामुराई’ त्यांहून निराळा आहे तो त्याच्या संथ भागांमुळेंच. आणि अनोळखी माणसांच्या गर्दींत, एकाच काळोखांत, एकाच वेळीं श्वास रोखण्याचा जो अनुभव थिएटरांत येतो, तो दिवाणखान्यांत येत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. म्हणून एखाद्या महोत्सवांत किंवा चित्रपट-मंडळांत हा चित्रपट लागला असें कळलें, तर घरीं तबकडी असली तरीहि जावें.

घरीं पाहणाऱ्यांनीं कांहीं साधे नेम पाळावे. शनिवारची रात्र निवडावी; चित्रपटांतच मध्यंतर ठेवलेलें आहे, तेथेंच उठावें, अन्यत्र नाहीं. दिवा पूर्ण मालवावा. थांबवावयाचें तें शब्दासाठीं किंवा बोलण्यासाठीं, फोनसाठीं नव्हे. आणि ‘सात सामुराई’ पचल्यावर महिन्याभरानें पुढचा चित्रपट घ्यावा. कुरोसावाचाच १९६१ चा ‘योजिंबो’ हलक्याफुलक्या, विनोदी अंगाचा आहे; त्यांत एका गांवांतल्या दोन गुंडांच्या टोळ्या एकमेकींवर घालणारा रोनिन मिफुनेनें रंगविला आहे. १९५७ च्या ‘रक्ताचें सिंहासन’ या चित्रपटांत शेक्सपिअरचा मॅकबेथ जपानी गढींत येऊन बसला आहे. आणि ज्यांना तरवारीच्या मोठेपणाची दुसरी बाजू पाहावयाची असेल त्यांनीं कोबायाशीचा १९६२ चा ‘हाराकिरी’ पाहावा. ती कथा १६३० सालची. आपल्याकडे त्याच सुमारास दख्खनेंत भयंकर दुष्काळ होता. तिकडे पोटासाठीं पोलादी पातें विकून म्यानांत बांबूची तरवार बाळगणारा एक तरुण सामुराई एका बड्या सरदाराच्या वाड्यांत जातो, आणि त्या वाड्याची अब्रू राखण्यासाठीं त्याचा बळी कसा घेतला जातो, हें त्यांत आहे. तो चित्रपट लहान मुलांबरोबर पाहण्याजोगा नाहीं. मोठ्यांनीं मात्र तो चुकवूं नये.

आतां पुन्हां त्या दिवाणखान्यांत. मध्यरात्र उलटून गेली आहे. पाऊस थांबला आहे, लुटारू संपले आहेत, टेकडीवर चार मातीचे ढीग असून त्यांत तरवारी रोंवलेल्या आहेत. खालीं खाचरांत ढोल-बासरीच्या तालावर भाताची लावणी चालली आहे. बायका गात आहेत. मांझोची मुलगीहि त्यांत आहे, आणि आपल्या तरुण सामुराईकडे न थांबतां ती रोपें घेऊन चिखलांत उतरते. उरलेले तिघे पाहत उभे आहेत. कांबेइ म्हणतो कीं, या वेळींहि हरलों तें आपणच. जिंकले ते शेतकरी.

नात शेवटचें वाक्य मराठींत सांगते. ताबडतोब दिवा लावण्याची घाई कोणी करीत नाहीं. थोड्या वेळानें आजोबा विचारतात, “त्या म्हातारीला पुढें कुणी कांहीं बोललें का ग? दाखवलं का तसं?”

“नाहीं, आजोबा. दाखवलं नाहीं.”

“हं,” असें म्हणून ते उठतात. उद्यां सकाळीं आपल्या गांवच्या पेवाची जागा नातीला दाखवायला न्यावें, असें त्यांच्या मनांत आलें आहे. तेथल्या जुन्या शेजाऱ्यांचें घर कोणतें, तें केव्हां रिकामें झालें आणि कां, हेंहि तिला तेथेंच सांगावें, असें त्यांनीं ठरविलें आहे.